क्रियापदाच्या मागे जाऊन बसलेला उपसर्ग

'गिव्ह अप म्हणजे सोडून देणे, गिव्ह इन म्हणजे नमते घेणे, गिव्ह अवे म्हणजे देऊन टाकणे, शिवाय गुपित फोडणेही...' अशी एक लांबलचक यादी परवा कुणीतरी पाठवली. खाली ठळक अक्षरांत सूचना होती : 'फ्रेझल व्हर्ब्जना तर्क नसतो, पाठच करा!' फ्रेझल व्हर्ब म्हणजे क्रियापद आणि त्यामागचा 'अप', 'इन'सारखा छोटा शब्द मिळून झालेली जोडी. यादीबद्दल तक्रार नाही. ती सूचना मात्र खटकली.

आहार, विहार, प्रहार, संहार हे शब्द घ्या. चारही शब्दांत धातू एकच, 'हृ', म्हणजे नेणे. पुढचा उपसर्ग बदलला की कधी जेवण होते, कधी भटकंती, कधी मार, तर कधी सर्वनाश. याला आपण कधी अतर्क्य म्हणत नाही. इंग्रजीतही हेच चालते, फक्त तिथे उपसर्ग क्रियापदाच्या मागे जाऊन बसलाय.

आणि मला सगळ्यात आवडणारी गंमत इथेच आहे. उपसर्ग धातूच्या आधी येतो, असे पाणिनी सांगतो आणि लगेच पुढच्या दोन सूत्रांत वेदांच्या भाषेला सूट देतो : तिथे उपसर्ग धातूच्या नंतर आला तरी चालेल, मध्ये दुसरे शब्द घुसले तरी चालेल. म्हणजे एके काळी उपसर्ग हा सुटा, हिंडता-फिरता शब्द होता. पुढच्या संस्कृतात तो धातूला कायमचा चिकटला. इंग्रजीत उलटे झाले. जुन्या इंग्रजीत 'ऊटगान' असे क्रियापद होते, 'ऊट' म्हणजे बाहेर आणि 'गान' म्हणजे जाणे. त्याच अर्थाने आज 'गो आउट' म्हणतात. 'ओव्हरकम'मधल्या 'ओव्हर'सारखे काही उपसर्ग तेवढे पुढेच राहिले. जर्मन अजून उंबरठ्यावर आहे : उठणे म्हणजे 'आउफश्टेहेन', पण 'मी उठतो' म्हणताना 'आउफ' सुटून वाक्याच्या शेवटी जातो. (यावरून 'इंग्रजी संस्कृतातून निघाली' असा संदेश कृपया पुढे ढकलू नये. दोघींची पूर्वज भाषा त्यांच्याहून जुनी आहे; या चुलत बहिणी, मायलेकी नव्हेत.)

लॅटिनमधून आलेले भारदस्त शब्दही आतून असेच असतात. 'पोस्टपोन' फोडला तर 'नंतर' अधिक 'ठेवणे' मिळते. त्याचाच घरगुती जोडीदार 'पुट ऑफ'.

आता 'अप'. 'ईट' म्हणजे खाणे, मग 'ईट अप'मध्ये वर काय जाते? काहीच नाही. इथे 'अप' दिशा दाखवत नाही, काम पुरे झाल्याचे सांगतो. 'ड्रिंक अप', 'यूज अप' यांतही तेच. आपण हे काम 'टाकणे'कडून करून घेतो : 'खाऊन टाकले' म्हणताना कुणी काही फेकत नाही. कसोटी सोपी आहे. 'तासाभरात खाऊन टाकले' हे बरोबर वाटते, 'तासभर खाऊन टाकले' कानाला खुपते. 'ईट अप'बरोबर इंग्रजी कानही असाच कुरकुरतो.

मागचा शब्द उपसर्गाच्या जातीचा की साधे शब्दयोगी अव्यय, हे ओळखायचे तर तो कर्मापलीकडे सरकवून पाहावा. 'रन अप अ बिल' म्हणजे बिल फुगवणे. इथे 'रन अ बिल अप' चालते. 'रन अप अ हिल' म्हणजे टेकडीवर पळत जाणे. इथे 'रन अ हिल अप' चालत नाही, कारण हा 'अप' टेकडीला बांधलेला आहे. आणि कर्म सर्वनाम असेल तर सरकणे सक्तीचे : 'टर्न इट ऑफ', 'टर्न ऑफ इट' नव्हे.

पण इतका फिरणारा तुकडा मेंदूत क्रियापदाला जोडूनच साठवलेला असतो का? कपेल, श्तिरोव्ह आणि पुल्फरम्युलर या तीन संशोधकांनी 2010 साली मेंदूतील विद्युतप्रवाहांची सूक्ष्म चुंबकीय क्षेत्रे मोजून हे तपासले. ऐकवले काय, तर 'हीट अप' आणि 'कूल डाउन', आणि त्यांची मोडतोड करून 'हीट डाउन' व 'कूल अप'. यामागचा हिशेब असा : व्याकरण चुकले की मेंदूचा एक ठराविक आपोआप प्रतिसाद चुकीच्या जोडीला वाढतो, ओळखीचा शब्द आला की तोच प्रतिसाद खऱ्या शब्दाला वाढतो, बनावट शब्दाला नाही. इथे तो वाढला खऱ्या जोड्यांना. म्हणजे 'हीट' आणि 'अप' मध्ये जागा सोडून लिहिले, तरी इंग्रजी मातृभाषा असलेल्याच्या मेंदूला तो एकच शब्द भेटतो, 'आहार' ऐकताना आपल्याला 'हृ' आठवत नाही तसा.