दहा लाख तासांची डिस्क तीन वर्षांत का जाते?

हार्ड डिस्कच्या माहितीपत्रकात एक आकडा हमखास सापडतो: एमटीबीएफ, म्हणजे दोन बिघाडांमधला सरासरी वेळ, १० लाख तास. वर्षाचे तास ८,७६०. म्हणजे हिशेबाने ११४ वर्षं झाली. आणि इकडे सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या डीव्हीआरमधली तशीच डिस्क तिसऱ्या वर्षी टकटक आवाज करत बंद पडते. यात कंपनीने फसवलंय असं लगेच समजू नये. तो आकडा एका डिस्कचं आयुष्य सांगतच नाही. अशा १,००० डिस्क वर्षभर अखंड चालवल्या तर मिळून ८७ लाख ६० हजार तास भरतात. त्याला १० लाखांनी भागलं की वर्षाला साधारण ९ डिस्क जातील, एवढाच त्याचा अर्थ. तोही ठरावीक तापमानाला आणि ठरावीक कामाच्या मर्यादेत. प्रत्यक्ष वापरात हा आकडा टिकत नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००७ साली सुमारे एक लाख डिस्कच्या नोंदी तपासल्या, तेव्हा वर्षाला २ ते ४ टक्के डिस्क बदलाव्या लागणं अगदी सर्रास दिसलं.

घरातलं कुठलंही इलेक्ट्रॉनिक यंत्र सगळंच्या सगळं एकदम जुनं होत नाही. त्यातला एखादाच भाग आधी दगा देतो, आणि बहुतेक वेळा तो सगळ्यात स्वस्त असतो. तो भाग कोणता आणि त्याला काय सोसत नाही, हे कळलं की निम्मं काम झालं.

हार्ड डिस्कमध्ये हा नाजूक भाग म्हणजे माहिती लिहिणारं-वाचणारं हेड. आतल्या चकत्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात आणि हेड त्यांच्यावर काही नॅनोमीटर अंतर ठेवून हवेच्या पातळ थरावर तरंगतं. माणसाचा केस त्यापुढे हजारो पट जाड. म्हणून डिस्क कधीही घरी उघडायची नाही; धुळीचा एक कण पुरतो. बाहेरच्या झाकणावर बारीक भोक असतं आणि शेजारी ते बंद करू नका अशी सूचना असते. आतला आणि बाहेरचा हवेचा दाब सारखा राहावा म्हणून ते ठेवलेलं असतं, आत गाळणी असते. हवा विरळ झाली तर हेड खाली येईल, म्हणून बहुतेक डिस्कना समुद्रसपाटीपासून सुमारे ३,००० मीटरची मर्यादा दिलेली असते. महाबळेश्वर सुमारे १,४०० मीटरवरच आहे, तिथे उंचीची काळजी नको. हेलियम भरलेल्या मोठ्या डिस्क पूर्ण बंद असतात, त्यांना हे भोक नसतं.

लाइट अचानक गेली की डिस्कमध्ये काय होतं, हे पाहण्यासारखं आहे. चकत्या अजून फिरत असतात, त्यामुळे मोटर क्षणभर जनित्रासारखी वागते आणि त्या विजेवर हेड घाईघाईने बाजूच्या जागेवर नेऊन ठेवलं जातं. हे सावकाश बंद करण्यापेक्षा जास्त झिजवणारं आहे, शिवाय लिहिणं अर्धवट राहून फाइल बिघडते ती वेगळीच. दिवसातून चार वेळा लाइट जाणाऱ्या गावात कॉम्प्युटरला यूपीएस हवाच. त्याच्यातली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी मात्र उन्हाळ्याच्या उकाड्यात दोन-तीन वर्षांतच मान टाकते. सहा महिन्यांनी एकदा काम सेव्ह करून यूपीएसचा प्लग काढून बघावा. कॉम्प्युटर नीट बंद करायलाही वेळ मिळाला नाही, तर बॅटरी बदलायची वेळ झाली.

आता त्या पेढीवरच्या डीव्हीआरकडे वळू. आठ कॅमेरे, प्रत्येकी सेकंदाला २ मेगाबिट. मिळून १६ मेगाबिट, म्हणजे सेकंदाला २ मेगाबाइट, दिवसाला जवळजवळ १७३ जीबी, वर्षाला सुमारे ६३ टीबी. साध्या डेस्कटॉप डिस्कला वर्षाला साधारण ५५ टीबी काम आणि २,४०० तास एवढीच मर्यादा धरलेली असते. कॅमेऱ्यांसाठी बनवलेल्या डिस्कला १८० टीबी आणि वर्षभर अखंड. किमतीत थोडाच फरक पडतो म्हणून साधी डिस्क टाकली की ती पहिल्या दिवसापासून मर्यादेबाहेर राबते. त्यात डीव्हीआर कुलपाच्या लाकडी कपाटात, पंख्याच्या जाळीवर हळदीची पूड साचलेली. कपाटाला मागून आणि वरून हवेला वाट करून द्या, दोन महिन्यांनी डीव्हीआर बंद करून जाळी ब्रशने साफ करा, आणि डिस्कचं तापमान ४५ अंशांच्या खाली राहील असं बघा.

डिस्क जाण्याआधी सांगते का? कधीकधी. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवत असते, तिला स्मार्ट म्हणतात. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर उघडलं की ओळींची यादी दिसते. त्यातल्या तीन ओळी बघायच्या: ०५, सी५ आणि सी६. ०५ म्हणजे खराब झाल्यामुळे राखीव जागेत हलवलेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे माहितीचे छोटे कप्पे. सी५ म्हणजे वाचता न आलेले, निकाल लागायचा बाकी असलेले. सी६ म्हणजे तपासणीतही दुरुस्त न झालेले. तिन्हींच्या उजवीकडच्या रकान्यात शून्य असलं पाहिजे. सी५ शून्याच्या वर गेला की आधी कॉपी करा, बाकीची तपासणी नंतर. सी७ वाढत असेल तर मात्र डिस्कला दोष देण्याआधी साटा केबल बदलून बघा. तो आकडा डिस्क आणि बोर्ड यांच्यातल्या चुकांचा आहे. डिस्क किती तास चालली ते ०९ या ओळीत कळतं, जुनी डिस्क विकत घेताना ती ओळ नक्की बघावी.

पण या नोंदींवर पूर्ण भरवसा ठेवू नये, यावर आम्ही ठाम आहोत. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्वतःची तपासणी करताना डिस्कला पहिली चूक सापडली की पुढच्या ६० दिवसांत ती जाण्याची शक्यता, चूक न सापडलेल्या डिस्कपेक्षा ३९ पट होती. आणि त्याच अभ्यासात, गेलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून जास्त डिस्कनी स्मार्टच्या मुख्य खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. नोंद स्वच्छ दिसली म्हणून बॅकअप टाळणं म्हणजे सरळ जुगार आहे.

एसएसडी म्हणजे चकत्यांऐवजी चिपवर माहिती साठवणारी डिस्क. तिच्यात फिरणारं काही नाही, पण लिहून लिहून तिच्या पेशी झिजतात. १ टीबीच्या साध्या एसएसडीला साधारण ६०० टीबी लिहिण्याची हमी असते. रोज ३० जीबी लिहिलं तर वर्षाला ११ टीबी, म्हणजे पन्नासहून जास्त वर्षं. घरगुती वापरात एसएसडी झिजून जात नाही. ती जाते आतला कारभार सांभाळणारी चिप, म्हणजे कंट्रोलर, बिघडल्यामुळे, आणि तेव्हा बहुधा आवाज नाही, इशारा नाही. शिवाय वीज न देता वर्षानुवर्षं कपाटात ठेवण्यासाठी ती बनलेली नाही. पूर्ण झिजलेल्या घरगुती एसएसडीने वीज नसताना ३० अंशांना एक वर्ष माहिती धरून ठेवावी, एवढीच मानकाची अपेक्षा आहे. लग्नाचे फोटो एसएसडीवर टाकून लॉकरात ठेवणार असाल तर वर्षातून एकदा ती जोडून सगळं उघडून बघा. स्टुडिओने दिलेल्या जुन्या सीडी-डीव्हीडीही आजच कॉपी करून घ्या. त्यांच्यातला सेंद्रिय रंग ऊन आणि दमटपणा लागला की फिका पडतो आणि लेझरला काही वाचता येत नाही.

टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, राउटरचा अडॅप्टर, एलईडी बल्ब यांच्या दुखण्याचं मूळ बहुधा एकच असतं: इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, म्हणजे बोर्डवरचा वीज साठवणारा छोट्या डबीसारखा भाग. आत ओलसर रसायन असतं आणि उष्णतेने ते तळाच्या रबरी बुचातून हळूहळू उडून जातं. मग त्याचा अंतर्गत रोध वाढतो, त्यामुळे तो आणखी तापतो आणि शेवटी फुगतो. त्याच्या माथ्यावर इंग्रजी के किंवा एक्सच्या आकाराच्या खाचा मुद्दाम ठेवलेल्या असतात, दाब वाढला की तिथून फाटावं म्हणून. चांगल्या कपॅसिटरचा माथा सपाट असतो. बोट फिरवल्यावर तो थोडाही उंच लागला किंवा खाचेत तपकिरी चिकट डाग दिसला की तो गेलाच.

त्याचं आयुष्य तापमानावर किती अवलंबून असतं ते बघा. कपॅसिटरवर १०५ अंश लिहिलेलं असतं आणि त्या तापमानाला तो साधारण २,००० तास टिकतो. तापमान दर १० अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट. बंद कपाटात, सेट-टॉप बॉक्स चालू असलेल्या टीव्हीवर किंवा दुसऱ्या बॉक्सवर ठेवला आणि आत ७५ अंश झाले, तर १६,००० तास, म्हणजे अखंड चालवल्यास दोन वर्षंही नाहीत. तोच बॉक्स मोकळ्या फळीवर ५५ अंशांना चालला तर ६४,००० तास, सात वर्षांच्या वर. एक पैसाही न खर्चता एवढा फरक पडतो. रिमोटने बंद केलेला बॉक्सही बरेचदा आतून चालूच असतो, रात्री बटण भिंतीवरून बंद करावं.

दुखणं ओळखायच्या खुणा ठरलेल्या आहेत. थंडीच्या दिवसांत सकाळी टीव्ही लवकर चालू होत नाही, दोन-चार प्रयत्नांनी होतो, लाल दिवा लुकलुकतो, रिलेची टिकटिक ऐकू येते. गेलेल्या कपॅसिटरचा रोध थंडीत आणखी वाढतो म्हणून हिवाळ्यात हे आधी जाणवतं. अशा वेळी पूर्ण बोर्ड बदलण्याआधी सप्लाय बोर्डवरचे १६ किंवा २५ व्होल्टचे कपॅसिटर तपासायला सांगा; दहा-वीस रुपयांचा भाग असतो. स्वतः सोल्डरिंग येत असेल तरच हात घालावा. प्लग काढल्यावरही ४०० किंवा ४५० व्होल्टच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्ट शिल्लक असू शकतात. मल्टिमीटर डीसीवर लावून मोजा, १० किलोओहम ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड पकडीने त्याच्या दोन टोकांना पाच-दहा सेकंद लावा, पुन्हा मोजा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करण्याची पद्धत सोडून द्या. नवा कपॅसिटर तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, व्होल्टेज तेवढंच किंवा थोडं जास्त, १०५ अंशांचा आणि लो-ईएसआर, म्हणजे कमी अंतर्गत रोधाचा, घ्यावा. अंगावरच्या पट्ट्याची बाजू ऋण; उलटा बसला तर फुटतो. एक गेला की त्याच रांगेतले बाकीचेही बदलून टाकावेत, तेही तितकेच तापलेले असतात.

उष्णता हळूहळू मारते, व्होल्टेज एका क्षणात. आपल्याकडे पुरवठा २३० व्होल्टचा, पण खांबावर किंवा डीपीजवळ न्यूट्रल तुटला की तीन फेजवरच्या घरांत व्होल्टेजची ओढाताण सुरू होते. ज्या फेजवर कमी यंत्रं चालू असतात, तिथे ते ४०० च्या जवळ जाऊ शकतं. खूण स्पष्ट असते: एका घरातले बल्ब एकदम प्रखर, पंखा सुसाट, आणि शेजारच्या घरात सगळं मंद. त्या क्षणी मेन स्विच खाली ओढायचा, बाकी काही नाही. एमसीबी यात पडत नाही, कारण तो जादा प्रवाहासाठी असतो, जादा व्होल्टेजसाठी नव्हे. स्पाइक बोर्डही उपयोगाचा नाही. त्यातला व्हॅरिस्टर सूक्ष्म काळाचा झटका गिळण्यासाठी असतो, सतत ४०० व्होल्ट आले तर तोच जळतो. याला खरा उपाय म्हणजे मेन बोर्डावर बसवायचा ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर. वरची मर्यादा २६०-२७०, खालची १७०-१८० च्या आसपास ठेवतात. लाइट परत आल्यावर पुरवठा तीन मिनिटांनी सुरू होईल असा वेळही त्यावर लावावा. फ्रिजच्या कॉम्प्रेसरमधला दाब समान व्हायला तेवढा वेळ लागतो. लगेच चालू झाला तर मोटर अडकून तापते.

वळवाच्या पावसात, एप्रिल-मे महिन्यांत, जत-आटपाडीपासून माण-खटावपर्यंत विजा पडतात तेव्हा नुसतं बटण बंद करून भागत नाही. प्लग काढायचा आणि डिशची केबलही काढायची. टीव्हीचे एचडीएमआय पोर्ट बरेचदा त्या वाटेने जातात. गच्चीवरच्या कॅमेऱ्याची तांब्याची केबल हीसुद्धा तशीच वाट आहे. इंटरनेट फायबरचं असेल तर काचेच्या तंतूतून झटका येत नाही, पण अडॅप्टरमधून येतो.

पाल हाही आपल्याकडचा मोठा शत्रू. इन्व्हर्टर एसीच्या बाहेरच्या युनिटमध्ये ती उबेला शिरते, दोन टोकांवर पडते आणि हजारोंचा बोर्ड जातो. वायर जिथून आत शिरते ते भोक सिलिकॉनने बुजवा. हवेची जाळी मात्र कधीही झाकू नका.

आणि पूर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा सांगलीत कित्येक घरांतली यंत्रं गाळाच्या पाण्यात होती. अशी भिजलेली हार्ड डिस्क उन्हात वाळवू नका आणि चालू करून तर मुळीच बघू नका. वाळलेला गाळ चकतीला चिकटतो आणि हेड त्यावर घासतं. ओल्या कापडासह प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेत न्या. टीव्ही, मिक्सर, राउटर यांचं उलट: वीज तोडून, झाकण उघडून बोर्ड स्वच्छ पाण्याने धुवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने पुसा, आणि पंख्याखाली चार-पाच दिवस पूर्ण वाळल्याशिवाय प्लग लावू नका. पुराच्या पट्ट्यातल्या घरांनी फोटो-कागदपत्रांची एक प्रत घरी, दुसरी वेगळ्या डिस्कवर आणि तिसरी नदीपासून लांब, विट्याच्या नाहीतर पुण्याच्या नातेवाइकाकडे किंवा क्लाउडवर ठेवावी. कऱ्हाडला ठेवणार असाल तर घर कृष्णा-कोयनेच्या काठापासून किती उंच आहे ते आधी बघा.