मंदी आली आणि पेलाग्रा उतरला

1929 ला वॉल स्ट्रीट कोसळली, अमेरिकेत बँका बुडाल्या, 1933 पर्यंत जवळपास चारातला एक कामगार बेकार झाला होता. मग गरिबीचे सगळे आजार तेव्हा वाढलेच असणार असं आपण धरून चालतो. पण दक्षिणेकडच्या राज्यांत एक आजार नेमका याच काळात उतरला, पेलाग्रा. 1928 च्या आसपास त्याने वर्षाला सुमारे 7 हजार माणसं मरत होती आणि मंदीच्या पहिल्या वर्षांतच हा आकडा घसरायला लागला.

पेलाग्रात उन्हात उघड्या पडणाऱ्या कातडीवर, म्हणजे हात, मान, पाय, तिथे काळसर सोलवटणारे चट्टे येतात, मग जुलाब, मग भ्रम आणि उपचार नाही झाले तर मृत्यू. बऱ्याच डॉक्टरांना तो संसर्गजन्य वाटायचा. जोसेफ गोल्डबर्गर या सरकारी डॉक्टरला 1914 मध्ये तपासाला पाठवलं तेव्हा त्याने पाहिलं की अनाथाश्रमात मुलं आजारी पडतात पण कर्मचारी ठणठणीत, म्हणजे हा संसर्ग नाही, दोष खाण्यात आहे. 1915 मध्ये मिसिसिपीतल्या 11 कैद्यांना माफीच्या बदल्यात मका, मैदा, तांदूळ, पाक असल्या खाण्यावर ठेवलं, 6 जणांना पेलाग्रा झाला. तरी लोक ऐकेनात, तेव्हा त्याने आणि सहकाऱ्यांनी रुग्णांचं रक्त टोचून घेतलं, खपल्या आणि विष्ठा गोळीत घालून गिळल्या, त्याच्या बायकोनेही रक्त टोचून घेतलं, आणि कुणालाही काही झालं नाही. असं धाडस वाचून मला आजही भरून येतं.

आता खरी गंमत. पेलाग्रा होतो नियासिन (बी-3 जीवनसत्त्व) कमी पडल्याने. मक्यात ते असतं, पण बहुतेक सगळं दुसऱ्या रेणूंना बांधलेलं, कुलूपबंद पेटीत ठेवल्यासारखं, आपल्या आतड्याला ते सोडवता येत नाही. मेक्सिकोतले लोक हजारो वर्षं मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, अल्कलीने ते बंध तुटतात आणि नियासिन मोकळं होतं. मका युरोपात आणि पुढे सगळीकडे पोचला, चुना मागेच राहिला. बरं, शरीर ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासूनही नियासिन बनवतं, साधारण 60 मिलिग्रॅमपासून 1 मिलिग्रॅम, म्हणून दूध-अंडी खाणारा सुटतो, पण मक्याच्या झीन या प्रथिनात ट्रिप्टोफॅन जवळपास नाहीच. नियासिनपासून एनएडी बनतं, ते अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन पेशीच्या ऊर्जा-यंत्रणेपर्यंत वाहून नेतं, शिवाय उन्हाने तुटलेल्या डीएनएच्या दुरुस्तीतही खर्च होतं, म्हणून उन्हातल्या कातडीला आधी फटका बसतो असं मानतात. आतड्याच्या पेशी सतत नव्या बनतात आणि मेंदूला ऊर्जा जास्त लागते, म्हणून तेही लवकर कोलमडतात. (याच एनएडीच्या नावाने आज तरुण ठेवणाऱ्या महागड्या कॅप्सूल विकतात. पोटभर वरण-भात, शेंगदाणे, दूध मिळणाऱ्याने त्यात पैसे घालू नयेत, माणसाचं वय थांबतं याचा पुरावा नाही.)

मग मंदीत काय झालं? दक्षिणेत कुळं मालकाच्या जमिनीत दारापर्यंत कापूस लावायची, भाजीला जागाच नाही, आणि दुकानातून उधारीवर मक्याचं पीठ, डुकराची चरबी आणि काकवी. कापसाचा भाव पौंडाला 17 सेंटच्या आसपास होता तो 6 सेंटवर आला, उधारी आटली, कापूस लावून उपयोग नाही म्हटल्यावर लोकांनी चवळी-भाजीपाला लावला, गाय पाळली, रेडक्रॉसने नियासिन असलेलं यीस्ट वाटलं. म्हणजे खिसा रिकामा झाला पण ताट सुधारलं! आपल्याकडेही पोषणशास्त्रज्ञ सी. गोपालन यांनी हैदराबादकडच्या ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा अभ्यासला होता, एकाच धान्यावर जगणं हाच धोका.

गोल्डबर्गर 1929 लाच कॅन्सरने गेला. 1937 मध्ये विस्कॉन्सिनला कॉनराड एल्व्हेजेम या शास्त्रज्ञाने निकोटिनिक आम्लाने, म्हणजे नियासिननेच, कुत्र्यांचा असाच आजार बरा केला. मग युद्ध आलं, सैन्यभरतीत कुपोषित तरुण नापास व्हायला लागले तेव्हा सरकार दचकलं, 1941 मध्ये रूझवेल्टने पोषण परिषद बोलावली आणि जानेवारी 1943 पासून युद्धकाळाच्या हुकमाने पावात बी-1, नियासिन आणि लोह घालणं सक्तीचं झालं. 1946 मध्ये हुकूम संपला पण तोवर बऱ्याच राज्यांनी स्वतःचे कायदे केले होते. पेलाग्रा हटवल्याचं श्रेय बहुतेक जण या पावालाच देतात, मला मात्र ते अर्धंच पटतं, कारण उतार कापूस पडला तेव्हाच लागला होता आणि युद्धाच्या कारखान्यांतल्या पगाराने दूध-मांस परवडायला लागलं होतं.