बोल्टचा नंबर जुळत नाही? जुनी रायफल दुरुस्तीला देण्यापूर्वी वाचा

बोल्टवरचा (काडतूस नळीत सारून मागून बंद करणारा सरकता भाग) नंबर बॉडीवरच्या (बोल्ट ज्यात सरकतो तो मधला भाग) नंबराशी जुळला नाही, म्हणून रायफल लगेच बनावट ठरत नाही. पण तपासणी झाल्याशिवाय ती झाडूही नये.

लष्करी रायफल कारखान्यात परत आली की पूर्ण सुटी केली जाई. धुऊन-पुसून प्रत्येक भाग गेजवर (ठरावीक मापाचा तपासणी-ठोकळा) तपासायचा आणि वाटणी करायची: चालणारे, दुरुस्तीचे, भंगार. जोडणी करताना चालणाऱ्यांतून हाताला येईल तो भाग बसे. मॅगझिन, साइट, चाप यांत अशी अदलाबदल अपेक्षितच होती. अमेरिकी शस्त्रागारांतून नव्याने जोडलेल्या एम-१ गॅरँड रायफलींमध्ये तर दोन-तीन कारखान्यांचे भाग सर्रास सापडतात. सोव्हिएत शस्त्रागारांनी जर्मनांकडून हस्तगत केलेल्या मॉझर रायफलींच्या बोल्टवर बॉडीचा नंबर विजेच्या पेनने कोरला. ब्रिटिश पद्धतीत पूर्ण दुरुस्ती झालेल्या रायफलीवर ‘एफटीआर’ (फॅक्टरी थरो रिपेअर) आणि वर्ष ठोकत.

बोल्टचे मात्र तसे नाही. आपल्याकडची .३१५ बोअरची रायफल इशापूरच्या रायफल कारखान्याची, ली-एन्फिल्ड घडणीची. या घडणीत बोल्टचे लग (बोल्टला बॉडीत अडकवून धरणारे कोंब) मागच्या बाजूला असतात आणि दोन्ही लगांवर सारखा भार यावा म्हणून ते त्याच बॉडीत घासून बसवलेले असतात. दुसऱ्या रायफलीचा बोल्ट सरकतो, बंदही होतो, पण भार एकाच लगावर येऊ शकतो. म्हणून कारखाना आधी लग बसवी, हेडस्पेस मोजी आणि मगच बोल्टवर नवा नंबर टाकी.

हेडस्पेस म्हणजे नळीचे मागचे तोंड आणि बोल्टचा चेहरा यांतले अंतर. लष्करी ली-एन्फिल्डच्या .३०३ बोअरसाठी मर्यादा ०.०६४ ते ०.०७४ इंच. ते वाढले की काडतुसाचे पितळ ताणले जाते, बुडाच्या कडेच्या थोडे पुढे तडकते, आणि पुढचा तुकडा चेंबरमध्येच (नळीत काडतूस बसते ती जागा) अडकतो. ली-एन्फिल्डच्या नंबर चार या प्रकाराला ० ते ३ अशा चार मापांची बोल्ट-हेड (बोल्टच्या पुढच्या टोकाचा सुटा तुकडा) होती. माप वाढवून अंतर कमी करता येई. त्याआधीच्या मार्क तीन प्रकाराच्या हेडवर मापाचा आकडा नसतो, एकेक लावून गेजवर पाहावे लागते. नुसते लांब हेड लावून ‘झाले काम’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. अंतर जुळते, लगांची तक्रार तशीच राहते. आणि .३१५ ला .३०३ चे गेज लावून काहीच कळत नाही.

लाकूडही पाहावे. धक्का झेलणारी आतली टेकण दबली की पुढचा दस्ता चिरतो. इशापूरने त्यासाठी मॅगझिनच्या पुढे एक आडवा स्क्रू टाकला. तो दिसला तर काढू नका. मार्क तीनमध्ये मागचा दस्ता घट्ट करायचा तर आधी पुढचा उतरवावा लागतो. मागचा दस्ता आवळणाऱ्या लांब बोल्टचे (हा वेगळा, नट-बोल्टातला) चौकोनी टोक पुढच्या दस्त्यातल्या पट्टीत अडकलेले असते. थेट पाना फिरवला की लाकूड फुटलेच.

काळ्या रंगावर भुलू नका. इशापूरच्या बऱ्याच लष्करी रायफली दुरुस्तीनंतर रंगवलेल्या असत, आणि रंगाखाली गंजाचे खड्डे झाकले जातात. जुन्या काडतुसांच्या टोपीतले क्षार नळीत राहून ओल धरतात. ते तेलाने जात नाहीत, गरम पाण्याने जातात. नंतर नळी कोरडी करून तेल द्यावे.

सुटा बोल्ट किंवा नळी बाहेरून आणून देऊ नका. शस्त्र कायदा, १९५९ नुसार शस्त्राचे सुटे भागही शस्त्रातच मोडतात. कारखाना जुना नंबर खोडून नवा टाकत असे, तो त्याचा अधिकार होता. कलम ८ प्रमाणे तुम्हा-आम्हाला नंबर पुसता किंवा बदलता येत नाही. परवान्यावरचा आणि बॉडीवरचा नंबर जुळत नसेल, तर दुरुस्तीआधी शहरात पोलिस आयुक्तालय, जिल्ह्यात जिल्हाधिकारी कार्यालय गाठा.

दुरुस्तीला येताना मूळ परवाना आणि रिकामी रायफल आणा. शेवटच्या वेळी झाडलेल्या दोन-तीन पुंगळ्या असतील तर त्याही. कडेजवळची चकचकीत रेघ बरेच काही सांगते.