आवाज पोहोचतो, पण शब्द कळतात का?

हॅम रेडिओवर, म्हणजे हौशी लोकांच्या बिनतारी संभाषणात, समोरून ‘आवाज घुमतोय, शब्द कळत नाहीत’ असं ऐकू आलं की बहुतेकांचा हात आधी पॉवर वाढवायला जातो. पण १०० वॉटचे ४०० वॉट केले, तरी समोरच्याच्या मीटरवर जेमतेम एक एस-युनिट (संकेताची ताकद मोजायचं एकक), म्हणजे ६ डेसिबल वाढतात. आणि घुमणारा आवाज मोठा झाला तरी घुमणाराच राहतो. दोष असतो तो अँटेनाच्या बराच अलीकडे, तोंड आणि माइक यांच्या दरम्यान.

लघुलहरींवर बोलण्यासाठी एसएसबी (सिंगल साइडबँड) पद्धत वापरतात. तिच्यात आपल्या आवाजाचा साधारण ३०० ते २७०० हर्ट्झ एवढाच पट्टा पाठवला जातो. या अरुंद पट्ट्यातही वाटणी विषम असते. स्वरांची बरीचशी ताकद खालच्या भागात असते, तर व्यंजनं ओळखायच्या खुणा मुख्यतः १००० हर्ट्झच्या वर. ‘पान’, ‘तान’ आणि ‘कान’ म्हणून पाहा. पुढचा ‘आन’ तिन्हींत तोच. फरक आहे तो सुरुवातीच्या, सेकंदाच्या काही शतांश भागातल्या बारीक स्फोटात. तो गोंगाटात बुडाला की तिन्ही शब्द एकच. ‘स’ची तर बहुतेक ऊर्जा ४००० हर्ट्झच्या वर, म्हणजे फिल्टरच्या बाहेरच राहते. म्हणून रेडिओवर ‘एस’ आणि ‘एफ’ यांची गल्लत होते आणि त्या अक्षरांसाठी ठरलेले ‘सिएरा’, ‘फॉक्सट्रॉट’ हे शब्द म्हणावे लागतात.

ट्रान्समीटरच्या शिखर-शक्तीला मर्यादा असते. ती खर्जातच खर्ची पडली, तर व्यंजनांच्या वाट्याला काय उरणार? रेडिओवर भारदस्त वाटावं म्हणून खर्ज वाढवणारे पुष्कळ आहेत. जवळच्या गप्पांना ते चालतं, पण दूरच्या, क्षीण संपर्कात ते नुकसानच करतं. आजच्या बऱ्याच संचांत प्रक्षेपणासाठी इक्वलायझर, म्हणजे आवाजातले खालचे-वरचे भाग कमीजास्त करायची सोय, असतो. त्यात ३०० हर्ट्झच्या आसपासचा भाग थोडा उतरवावा आणि १५०० ते २५०० चा थोडा चढवावा. आवाज स्वतःला जरा पातळ वाटेल, पण दूरच्या माणसाला शब्द कळतील.

माइकचं अंतर तर फुकटातला उपाय आहे. अंतर निम्मं केलं की थेट पोहोचणारा आवाज सुमारे ६ डेसिबलनं वाढतो, मात्र भिंतींवरून परतणारा घुमारा तेवढाच राहतो. दिशादर्शी माइक फार जवळ घेतला तर खर्ज फुगतो, त्यामुळे चार बोटं अंतर ठीक. माइक तोंडाच्या किंचित बाजूला धरावा, म्हणजे ‘प’, ‘भ’ म्हणताना हवेचा झोत त्यावर आदळत नाही. समोरच्या उघड्या भिंतीवर जाड चादर टांगली तरी फरक पडतो.

यानंतर येतं माइक गेन, म्हणजे माइकचा आवाज संचात किती वाढवायचा ते. एएलसी ही संचाला मर्यादेत ठेवणारी यंत्रणा. तिचा काटा मोठ्या उच्चारांवर जरासा हलावा, मीटरवर आखलेल्या एएलसीच्या पट्ट्याबाहेर मुळीच जाऊ नये. गेन जास्त झाला की विकृती येते आणि शेजारच्या वारंवारतेवर बोलणाऱ्याच्या कानात आपली खरखर जाते. हे मला तर सरळ असभ्यपणाचं वाटतं. कॉम्प्रेशनमुळे, म्हणजे मोठे आणि हळू उच्चार एका पातळीच्या जवळ आणल्यामुळे, सरासरी शक्ती वाढते आणि क्षीण संपर्कात ते खरोखर उपयोगी पडतं, पण बेतानं वापरावं. अति केलं की दोन शब्दांमधल्या फटीत पंख्याची घरघर वर येते.

कधी फक्त जास्त पॉवरवरच आवाज फाटतो. तेव्हा अँटेनाकडून कोअॅक्स केबलच्या बाह्य जाळीवरून रेडिओ-लहरी माघारी येऊन माइकच्या तारेत शिरत असण्याची शक्यता मोठी. अँटेनापाशी चोक (अशा लहरी अडवणारं वेटोळं) आणि माइकच्या तारेवर फेराइट (तेच काम करणारा चुंबकीय मणी) बसवून पाहावा.

स्वतःचा आवाज आपण कवटीच्या हाडांतूनही ऐकतो, त्यामुळे बोलता बोलता केलेला अंदाज फसवा असतो. संच डमी लोडला (अँटेनाऐवजी शक्ती जिरवणाऱ्या रोधाला) जोडून दुसऱ्या रिसीव्हरवर ध्वनिमुद्रण करावं आणि नंतर ऐकावं. दूरच्या मित्राकडून मत हवं असेल तर ‘आवाज कसा आहे?’ विचारू नये, सवयीनं ‘फाइव्ह नाइन’, म्हणजे ‘उत्तम’, असंच उत्तर येतं. पान, तान, कान उलटसुलट क्रमानं दहा वेळा म्हणावं आणि त्याला ऐकू येईल तसं लिहून परत वाचायला सांगावं.