तुम्ही मोजलात तो गॅप कुठला?

मोलिब्डेनम डायसेलेनाइड या अर्धवाहकाचा एकपदरी थर जेमतेम तीन अणूंच्या जाडीचा असतो. त्यावर लेझर टाकला की 1.63 इलेक्ट्रॉन व्होल्ट (ऊर्जेचं एकक; पुढचे आकडेही यातच) ऊर्जेचा, डोळ्याला कसाबसा दिसेल असा गडद लाल प्रकाश परत येतो. मग वहीत ‘बँड गॅप 1.63’ अशी नोंद होते; बँड गॅप म्हणजे अर्धवाहकातल्या बांधलेल्या इलेक्ट्रॉनला मोकळं व्हायला लागणारी किमान ऊर्जा. 2014 मध्ये बर्कलीच्या संशोधकांनी दुपदरी ग्राफीनवर (ग्राफीन म्हणजे कार्बनचा एका अणूच्या जाडीचा थर) वाढवलेल्या याच थराला स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोपची सुई लावली, तेव्हा गॅप भरला 2.18.

दोन्ही आकडे बरोबरच आहेत. सुई थरातला एक इलेक्ट्रॉन काढून घेते, नाहीतर बाहेरचा एक आत घालते. दोन्ही वेळा तो प्रभार एकटा असतो. या दोन ऊर्जांमधलं अंतर हाच खरा बँड गॅप. प्रकाश मात्र इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉन गेल्यावर उरलेली धनप्रभारी रिकामी जागा) एकदमच जन्माला घालतो. ते एकमेकांना ओढून जोडी बांधतात, तोच एक्सायटॉन. जोडी स्वस्तात तयार होते, तिला लागणारी ऊर्जा म्हणजे ऑप्टिकल गॅप. मधला 0.55 चा फरक ही जोडीच्या फारकतीची किंमत.

गॅलियम आर्सेनाइडच्या जाड स्फटिकात ही किंमत साधारण 0.004 असते. खोलीच्या तापमानातली उष्णताच 0.025 च्या आसपास, त्यामुळे जोडी टिकतच नाही आणि दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरले तरी खपून जातं. आपल्याला सवय लागली ती तिथूनच. एकपदरी थरात जोडीमधलं विद्युतक्षेत्र बरंचसं थराबाहेरून, हवेतून जातं. तिथे त्याला झाकायला, म्हणजे क्षीण करायला, काही नाही, म्हणून ओढ जबर राहते.

आता खरी गंमत. थरावर ग्राफीन पांघरलं की क्षेत्र झाकलं जातं. बँड गॅप घटतो, पण फारकतीची किंमतही जवळपास तेवढीच घटते. वजाबाकी होती तिथेच! प्रकाशाचं शिखर जेमतेम हलतं आणि बघणाऱ्याला वाटतं, काहीच बदललं नाही. 2017 मध्ये टंगस्टनच्या संयुगांच्या अशा थरांवर हे प्रयोगाने दाखवलं गेलं.

प्रकाश-शोषणाच्या आलेखावर टाउक प्लॉटची (शोषणावरून गॅप काढायच्या नेहमीच्या पद्धतीची) सरळ रेघ ओढून ‘बँड गॅप’ काढणाऱ्यांनी म्हणून इथे हात आवरावा. ती रेघ एक्सायटॉन नाहीतच असं धरून चालते. प्रकाशसंवेदक बनवणाऱ्याला तर हा फरक थेट नडतो: 1.63 चा फोटॉन शोषला गेला तरी जोडी फुटेपर्यंत तारेत प्रवाह येत नाही.