बॉस्टन, वॉशिंग्टन आणि पुन्हा राज्यं : अमेरिकेतल्या आरोग्य विम्याच्या सक्तीचा प्रवास

न्यू जर्सीत आयकर विवरणपत्र भरताना राज्य सरकार विचारतं : घरातल्या सगळ्यांना वर्षभर आरोग्य विमा होता का? नसेल आणि सवलतीत बसणारं कारणही नसेल, तर दंड. एडिसन परिसरातल्या मराठी घरांत बहुतेकांचा विमा नोकरीतून आलेला असतो, त्यामुळे खूण करून पुढच्या रकान्याकडे जाता येतं. पण नोकरी गेली आणि विम्याविना तीन महिन्यांहून जास्त काळ काढावा लागला, तर तोच रकाना खिशाला चाट लावतो. डेलावेअर नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियात राहायला गेलं, तर हा प्रश्न कुणी विचारतही नाही.

एकाच देशात हा फरक का, याचं उत्तर गेल्या ऐंशी वर्षांत आहे. सक्ती करावी की नाही, यावर अमेरिकेत कडाक्याचे वाद झालेच. पण ती कोणी करायची, राज्यांनी की वॉशिंग्टनने, म्हणजे केंद्र सरकारने, हा वाद तितकाच जुना आहे आणि दोन्ही पक्षांनी त्यात आपापल्या सोयीने बाजू बदललेल्या आहेत.

भारतात विमा हा केंद्राच्या यादीतला विषय आणि रुग्णालयं राज्यांच्या यादीतला. अमेरिकेत विम्याचं नियमन राज्यांकडे आहे. 1944 साली सर्वोच्च न्यायालयाने विमा हा आंतरराज्य व्यापार ठरवला, म्हणजे केंद्राच्या संसदेला, काँग्रेसला, त्यात हात घालायची मुभा दिली. लगेच पुढच्या वर्षी काँग्रेसने मॅक्कॅरन-फर्ग्युसन कायदा करून नियमनाचं काम राज्यांकडेच ठेवलं. त्याच सुमारास दुसरी एक गोष्ट घडत होती. महायुद्धाच्या काळात पगारवाढीवर सरकारी निर्बंध होते. माणसं टिकवायची तर पगाराऐवजी दुसरं काहीतरी द्यायला हवं, म्हणून कंपन्या आरोग्य विमा देऊ लागल्या. 1954 च्या करकायद्याने या विम्यावर कर लागणार नाही, हे पक्कं केलं. आजारपणाची सोय नोकरीला जोडली जाणं हा अमेरिकेचा मोठा दोष आहे, असं मला मनापासून वाटतं. तो कुणी विचारपूर्वक निवडलेला मार्ग नव्हता, युद्धकाळातली ती तात्पुरती तोड होती आणि ती कायमची होऊन बसली.

सगळ्या देशासाठी एकच सरकारी विमा आणायचा अध्यक्ष ट्रुमन यांचा 1945 मधला प्रस्ताव डॉक्टरांच्या संघटनेच्या विरोधापुढे टिकला नाही. 1965 मध्ये वृद्धांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड आलं. यातलं मेडिकेड केंद्र आणि राज्यं मिळून चालवतात. पैशांची ही भागीदारी पुढे फार महत्त्वाची ठरणार होती.

सक्तीचा पहिला यशस्वी प्रयोग राजधानीपासून हजारो मैल लांब, हवाईत झाला. 1974 च्या तिथल्या कायद्याने आठवड्याला किमान 20 तास काम करणाऱ्या कामगाराचा विमा मालकाने उतरवायचा, असा नियम केला. कामगाराचा वाटा त्याच्या पगाराच्या दीड टक्क्यापेक्षा जास्त नसावा, हेही ठरवून टाकलं. आणि नेमक्या त्याच वर्षी वॉशिंग्टनने एरिसा हा कायदा केला. तो मुख्यतः पेन्शन बुडू नये म्हणून होता, पण नोकरीतून मिळणाऱ्या सगळ्या लाभांना तो लागू झाला आणि त्या बाबतीत राज्यांचे कायदे त्याने निष्प्रभ केले. एका तेल कंपनीने हवाईवर दावा ठोकला आणि ती जिंकली. शेवटी काँग्रेसने 1983 मध्ये हवाईपुरता अपवाद केला, तोही कायदा 1974 मध्ये होता त्याच स्वरूपात राहील या बोलीवर. म्हणून तिथे ती दीड टक्क्याची मर्यादा आजही तशीच आहे. हप्ते कित्येक पटींनी वाढले, तरी राज्याला स्वतःच्या कायद्यातला हा आकडा हलवता येत नाही.

इतर राज्यांना असा अपवादही मिळाला नाही. मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर मायकेल डुकाकिस यांनी 1988 मध्ये मालकांवर बंधन घालणारा कायदा केला. तो अंमलात न येताच 1996 मध्ये रद्द झाला. मेरीलँडने दहा हजारांहून जास्त कामगार असलेल्या कंपन्यांना पगारखर्चाच्या आठ टक्के आरोग्यावर खर्च करायला सांगितलं, तर 2007 मध्ये अपील न्यायालयाने एरिसाकडे बोट दाखवून तो कायदा मोडीत काढला. मालकाला हात लावायची वाट बंद झाल्यावर राज्यांपुढे सक्ती करण्याजोगा एकच घटक उरला : खुद्द नागरिक.

ही कल्पना आली कुठून, हे आज अनेकांना आठवत नाही. 1986 मध्ये रेगन यांच्या सहीने आलेल्या कायद्यानुसार आपत्कालीन विभागात आलेल्या माणसाला, खिशात पैसे असोत वा नसोत, तपासणं आणि त्याची प्रकृती स्थिर करणं रुग्णालयांना बंधनकारक झालं. अशा उपचारांचं न भरलेलं बिल अखेर करदात्यांच्या आणि विमाधारकांच्या माथी येतं. मग ऐपत असूनही विमा न घेणारा माणूस दुसऱ्यांवर भार टाकतो, असा युक्तिवाद 1989 मध्ये हेरिटेज फाउंडेशन या उजव्या विचारांच्या संस्थेतून पुढे आला. प्रत्येक कुटुंबाने स्वतःचा विमा घेतलाच पाहिजे, ही त्यांच्या दृष्टीने वैयक्तिक जबाबदारी होती आणि सरकारी विम्याला दिलेलं उत्तरही. 1993 मध्ये क्लिंटन दांपत्याने मालकांवर सक्ती करणारी योजना आणली, तेव्हा ऱ्होड आयलंडचे रिपब्लिकन सेनेटर जॉन चेफी यांनी पर्यायी विधेयक मांडलं. त्यात व्यक्तीवर सक्ती होती, तीही केंद्राच्या कायद्याने. बॉब डोल, ऑरिन हॅच, चार्ल्स ग्रासली या रिपब्लिकन सेनेटरांची नावं त्या विधेयकाला जोडलेली आहेत. वॉशिंग्टनने सक्ती करणं घटनाबाह्य आहे, अशी ओरड त्या वेळी या मंडळींनी केली नव्हती.

दोन्ही योजना बारगळल्या. त्याच काळात वॉशिंग्टन या पश्चिमेकडच्या राज्यात जे घडलं, ते नीट पाहायला हवं, कारण सक्तीमागचं अर्थशास्त्र तिथे उघडं पडलं. 1993 मध्ये या राज्याने दोन गोष्टी एकत्र आणल्या : कंपनीने कुणालाही विमा नाकारायचा नाही आणि सगळ्यांनी विमा घ्यायचा. दोन वर्षांत विधिमंडळातलं बहुमत बदललं. लोकांना न आवडणारी सक्ती रद्द झाली, आवडणारी हमी मात्र राहिली. मग धडधाकट माणसं थांबू लागली. दुखणं आलं, बाळंतपण जवळ आलं की पॉलिसी घ्यायची आणि काम झालं की सोडायची. हप्ते चढले, हप्ते चढले म्हणून आणखी निरोगी माणसं बाहेर पडली, आणि 1999 पर्यंत राज्याच्या बहुतेक काउंट्यांमध्ये, म्हणजे जिल्ह्यांमध्ये, वैयक्तिक पॉलिसी विकत मिळेनाशी झाली. पैसे हातात असूनही ती मिळत नव्हती.

हा धडा मॅसॅच्युसेट्सने ऐकला. तिथे 2006 मध्ये झालेला कायदा ‘राज्याने राज्यापुरता शोधलेला उपाय’ म्हणून ओळखला जातो, पण त्याचा जन्म केंद्र सरकारच्या पैशातून झाला. मेडिकेडखाली राज्याला मिळणारे वर्षाचे सुमारे 38 कोटी 50 लाख डॉलर बुश प्रशासन थांबवणार होतं. विमा नसलेल्यांना प्रत्यक्ष विमा मिळवून देणारी योजना आणा, तर पैसे चालू राहतील, अशी अट होती. रिपब्लिकन गव्हर्नर मिट रॉम्नी आणि डेमोक्रॅट सेनेटर टेड केनेडी, जे 1994 च्या निवडणुकीत एकमेकांविरुद्ध लढले होते, त्यांनी या पैशासाठी मिळून खटपट केली. 12 एप्रिल 2006 रोजी बॉस्टनच्या फॅन्युएल हॉलमध्ये रॉम्नींनी सही केली, तेव्हा केनेडी शेजारीच होते. अकरा किंवा अधिक कामगार असून विमा न देणाऱ्या मालकांवर कामगारामागे वर्षाला 295 डॉलरचा आकार होता. रॉम्नींनी त्यावर नकाराधिकार वापरला आणि विधिमंडळाने तो मोडून काढला. व्यक्तीवरची सक्ती मात्र त्यांना मान्य होती, त्यांनीच ती मांडली होती. पहिल्या वर्षाचा दंड होता 219 डॉलर. आजही तिथल्या रहिवाशांना विमा कंपनीकडून 1099-एचसी नावाचा फॉर्म येतो आणि राज्याच्या करपत्रकात त्याची नोंद करावी लागते. काही वर्षांतच विमा नसलेल्यांचं प्रमाण या राज्यात देशात सर्वांत कमी झालं.

2008 मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत हिलरी क्लिंटन देशव्यापी सक्तीच्या बाजूने होत्या आणि बराक ओबामा विरोधात. सक्तीने प्रश्न सुटत असेल तर घर घेण्याची सक्ती करून बेघरांचा प्रश्नही सोडवता येईल, असा ओबामांचा मुद्दा होता. अध्यक्ष झाल्यावर त्यांनी मॅसॅच्युसेट्सचाच आराखडा उचलला. 21 मार्च 2010 रोजी प्रतिनिधिगृहात 219 विरुद्ध 212 मतांनी ‘ओबामाकेअर’ विधेयक मंजूर झालं, रिपब्लिकनांचं एकही मत त्याला मिळालं नाही. 23 मार्चला सही झाली आणि काही मिनिटांत फ्लोरिडासह 13 राज्यं पेन्साकोलाच्या न्यायालयात गेली. पुढे ती संख्या 26 झाली. विमा घेण्याची सक्ती आमच्या नागरिकांवर करता येणार नाही, असं विधेयक व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने आधीच मंजूर करून ठेवलं होतं आणि त्याच्या जोरावर त्या राज्याने वेगळा दावा लावला.

मार्च 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयात तीन दिवस सुनावणी चालली. सरकार माणसाला विमा घ्यायला लावू शकतं, तर ब्रोकोली घ्यायलाही लावेल का, असं न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी विचारलं. 28 जूनला सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स निकाल वाचू लागले आणि निकालपत्राची पहिली काही पानं पाहून दोन मोठ्या वाहिन्यांनी सक्ती रद्द झाल्याची बातमी देऊन टाकली. ती चुकीची होती. व्यापाराचं नियमन करायच्या अधिकारात काँग्रेसला अशी सक्ती करता येत नाही, इतकंच वाहिन्यांनी तोवर वाचलं होतं. पुढे आलं की दंड हा कर मानता येतो आणि कर लावायचा अधिकार काँग्रेसला आहेच. पाच विरुद्ध चार मतांनी कायदा वाचला.

राज्य विरुद्ध केंद्र या वादाचं घटनात्मक मूळ याच निकालपत्रात स्वच्छ मांडलेलं आहे. राज्यांकडे आपल्या नागरिकांचं आरोग्य आणि सुरक्षा यांसाठी कायदे करण्याचा सर्वसाधारण अधिकार असतो. केंद्राला मात्र राज्यघटनेने मोजून दिलेलेच अधिकार. म्हणून मॅसॅच्युसेट्सला जे सहज करता आलं, त्यासाठी वॉशिंग्टनला करअधिकाराचा आधार शोधावा लागला. ‘मी केलं ते राज्यात, ओबामांनी केलं ते साऱ्या देशावर’ असं अध्यक्षपदाच्या शर्यतीत उतरलेले रॉम्नी 2011 पासून सांगत होते. कायद्याच्या दृष्टीने त्यात तथ्य होतं, ही गोष्ट त्यांच्या विरोधकांनीही मान्य करायला हवी. पण त्यांच्या राज्याचा प्रयोग केंद्राच्या पैशावर उभा होता. असा निधी सगळ्या राज्यांना एकदम पुरवायचा, तर वॉशिंग्टनच्या कायद्याशिवाय गत्यंतर नव्हतं. हे ते सांगत नसत. पक्षातल्या स्पर्धकांनी तरीही ‘रॉम्नीकेअर’ आणि ‘ओबामाकेअर’ ही दोन्ही कायद्यांची रूढ नावं एकत्र करून त्यांना डिवचलंच.

त्याच निकालाचा दुसरा भाग सामान्य माणसाच्या आयुष्यावर जास्त खोल परिणाम करून गेला. 2010 च्या कायद्याप्रमाणे गरिबांसाठीचं मेडिकेड आणखी लोकांपर्यंत वाढवायला नकार दिला तर राज्यांचा जुना निधीही थांबवायचा, हे न्यायालयाने दडपण ठरवून अमान्य केलं. मेडिकेडची वाढ ऐच्छिक झाली. टेक्सास, फ्लोरिडा, जॉर्जियासह दहा राज्यांनी ती आजवर पूर्णपणे स्वीकारलेली नाही. त्यांतल्या बहुतेक राज्यांत गरिबातला गरीब प्रौढ माणूस अनेकदा मेडिकेडमध्येही बसत नाही आणि स्वतः विकत घ्यायच्या विम्यासाठी याच कायद्याने दिलेल्या अनुदानालाही पात्र ठरत नाही, कारण ते अनुदान दारिद्र्यरेषेच्या वर सुरू होतं. राज्यांच्या स्वातंत्र्याची किंमत ज्यांनी चुकवली त्यांत ही माणसं सर्वांत पुढे आहेत, आणि सक्तीच्या गदारोळात त्यांच्याबद्दल फार कमी बोललं गेलं.

केंद्राचा दंड 2014 मध्ये 95 डॉलर किंवा उत्पन्नाच्या एक टक्का इथून सुरू झाला आणि 2016 पर्यंत 695 डॉलर किंवा अडीच टक्क्यांवर गेला, यांपैकी जी रक्कम जास्त असेल ती. जुलै 2017 मध्ये रिपब्लिकन सेनेटर जॉन मॅकेन यांच्या विरोधी मतामुळे सेनेटमध्ये कायदा मोडायचा प्रयत्न फसला, पण डिसेंबरमधल्या करकायद्यात दंड 2019 पासून शून्यावर आणला गेला. यामुळे 2027 पर्यंत विमा नसलेल्यांची संख्या 1 कोटी 30 लाखांनी वाढेल, असा काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाचा त्या वेळचा अंदाज होता. तितकी वाढ झाली नाही, कारण उत्पन्नाप्रमाणे मिळणाऱ्या अनुदानामुळे लोक विमा धरून राहिले. सक्तीच्या समर्थकांनी तिचं महत्त्व काहीसं वाढवून सांगितलं होतं, असं आता म्हणता येतं. दंड शून्य झाला म्हणजे तो कर उरला नाही, सबब सगळा कायदाच घटनाबाह्य, असा टेक्सासचा दावा 2021 मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी फेटाळला गेला.

मोकळी झालेली जागा काही राज्यांनी भरली. मॅसॅच्युसेट्सचा कायदा होताच. न्यू जर्सी आणि राजधानीचा कोलंबिया जिल्हा यांनी 2019 पासून, तर कॅलिफोर्निया आणि ऱ्होड आयलंडने 2020 पासून दंडासह सक्ती लागू केली. व्हरमाँटने सक्ती ठेवली, दंड ठेवला नाही. न्यू जर्सीत दंडाचे पैसे महागड्या रुग्णांचा भार उचलणाऱ्या पुनर्विम्याकडे वळवले जातात, म्हणजे इतरांचे हप्ते थोडे आटोक्यात राहतात. यातल्या कुठल्याही राज्याला ब्रोकोलीचा प्रश्न अडवू शकला नाही.

पैशाची दोरी मात्र वॉशिंग्टनच्याच हातात आहे. 2021 मध्ये वाढवलेलं अनुदान 2025 अखेरपर्यंतच होतं. ते पुढे चालू ठेवायच्या मागणीवरून ऑक्टोबर-नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्र सरकारचं कामकाज 43 दिवस ठप्प झालं आणि तरीही मागणी मान्य झाली नाही. जुलै 2025 च्या कायद्याने तर वॉशिंग्टननेच वेगळी सक्ती आणली आहे. मेडिकेडच्या वाढीव कक्षेत आलेल्या प्रौढांना, काही अपवाद सोडून, महिन्याला 80 तास काम, शिक्षण किंवा समाजसेवा केल्याचं दाखवावं लागेल. ही अट राज्यांनी 2027 च्या सुरुवातीपर्यंत लागू करायची आहे, आणि तासांचे कागद तपासण्याचं काम राज्यांच्याच कचेऱ्यांना करायचं आहे.