मोकळा फिल्टर बसवला की ताकद वाढते?

घरी बांधलेल्या विमानाला मोटारीचा ‘फ्री-फ्लो’ (हवेला कमी अडवणारा) एअर फिल्टर बसवला की इंजिनाची ताकद बरीच वाढते, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. तर्क अगदीच चुकीचा नाही. फिल्टर हवेला अडवतोच. प्रश्न आहे तो किती, याचा. आणि ते मोजता येतं. धूळ नसलेल्या पक्क्या जागी, विमान घट्ट बांधून, फुल थ्रॉटलला मॅनिफोल्ड प्रेशर (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब, इंच पाऱ्यात मोजलेला) पाहा: एकदा फिल्टरसह, लगेच एकदा फिल्टर काढून. दोन आकड्यांतला फरक, तेवढाच फिल्टरचा वाटा. 1 इंच पाऱ्याचा फरक म्हणजे साधारण 3 टक्के ताकद. स्वच्छ, पुरेशा आकाराच्या फिल्टरची घट सहसा याहून कमीच भरते. बाकीची घट नळ्यांची वळणं आणि कार्ब्युरेटरमुळे होते, ती फिल्टर बदलून जात नाही. खरं तर नवा फिल्टर धूळ किती अडवतो, तो बर्फाने बंद झाला तर पर्यायी हवेची झडप उघडते का, हे आधी पाहावं.